नवशिक्यांचा सोमवार

मित्रहो, चिनी शिकवणारा पॉडकास्ट नियमित कसा चालवायचा, यावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत. पेइचिंगमध्ये, म्हणजे बीजिंगमध्ये, अशाच एका पॉडकास्टसाठी मी काही वर्षं संवाद लिहिले आणि संपादन केलं. आम्ही चौघंच होतो.

२००५ साली शांघायमध्ये चायनीजपॉड हा चिनी शिकवणारा पॉडकास्ट सुरू झाला आणि रोज एक धडा द्यायचा पायंडा त्यांनी पाडला. नंतर या कामात जो उतरला त्याला त्याच मापाने मोजलं गेलं. आम्हीही आठवड्याला पाच भाग ठरवले, आणि ते वेळेवर जातही होते. मग एके दिवशी एका श्रोत्याचं पत्र आलं. ‘गेल्या तीन आठवड्यांत नवशिक्यांसाठी एकही भाग नाही.’ मी यादी काढली. पंधरा भाग गेले होते, पंधराही मधल्या आणि वरच्या पायऱ्यांचे. आमच्या लेखी आम्ही एकही दिवस चुकवला नव्हता. त्या माणसाच्या लेखी आम्ही तीन आठवडे बंद होतो.

असं का होतं? घाई असली की हात आपोआप मधल्या पायरीकडे वळतो. तिथे दोन माणसं हवं ते बोलू शकतात, संवाद तासाभरात होतो. नवशिक्यांचं तसं नाही. एचएसके ही चिनी भाषेची परीक्षा; तेव्हा तिच्या पहिल्या पायरीला शब्द होते १५०, दुसरीला ३००, तिसरीला ६००. त्या दीडशेत ‘पाऊस पडणं’ आहे, ‘टॅक्सी’ आहे. म्हणून मी पावसात टॅक्सी शोधणाऱ्या दोघींचा संवाद लिहायला घेतला. चौथ्याच ओळीत अडले. छत्री! छत्रीला ‘सान’ म्हणतात, आणि तो शब्द तिसऱ्या पायरीवर. छत्रीवाचून पावसाचा संवाद खरा वाटेल असा करायला मला दोन दिवस लागले. आठ ओळी, दोन दिवस.

रेकॉर्डिंगलाही नवशिक्यांचाच भाग जास्त वेळ खातो. ‘वो श्यांग माय’, म्हणजे ‘मला विकत घ्यायचंय’. तिन्ही अक्षरं तिसऱ्या टोनची, म्हणजे चिनीतल्या ठरलेल्या सुरांपैकी तिसऱ्या, खाली दबून जाणाऱ्या सुरातली. पण सलग बोलताना शेवटचं अक्षर सोडून आधीची दोन वर चढतात, दुसऱ्या टोनसारखी. नवशिक्यांसाठी म्हणून निवेदिका सावकाश, अक्षर सुटं करून वाचायची, आणि तो चढच नाहीसा व्हायचा. तसं कुणी चीनमध्ये बोलत नाही. पुन्हा घ्या. सावकाश हवं, पण सुटं नको. या तीन अक्षरांना एका सकाळी अकरा टेक लागले, आणि त्यातला एकही वाया गेला असं मला वाटत नाही, कारण ऐकणारा ते वाक्य तसंच पाठ करणार असतो.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, तुम्ही मराठी आहात म्हणून. ‘पुन्हा भेटू’ याला चिनीत जो शब्द आहे, त्यात आपले दोन्ही च येतात. आधी चमच्यातला, मग चिंचेतला, अगदी जवळपास तसेच. ‘चाय्च्येन’. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना यावर आठवडे घालवावे लागतात. पेइचिंगचा प सुद्धा आपलाच, साधा प. बीजिंग लिहायची सवय इंग्रजी स्पेलिंगमुळे लागली.

असो. पत्र आल्यावर आम्ही आठवड्याला पाचाऐवजी तीनच भाग करायचं ठरवलं. माझा त्याला आग्रह होता आणि त्यावर वादही झाला, कारण आकडा कमी दिसणार होता. पण सोमवार नवशिक्यांचा ठरला आणि तो वरच्या पायऱ्यांसाठी कुणी उचलायचा नाही, हेही ठरलं. शिवाय नवशिक्यांचे चार भाग कायम तयार ठेवायचे. एक गेला की त्याच आठवड्यात दुसरा लिहून भरायचा. वरच्या पायऱ्यांचा साठा नसला तरी चालेल. त्या पायऱ्यांवरच्या श्रोत्याचा एखादा आठवडा चुकला तर तो जुना भाग ऐकतो, बातम्या ऐकतो. नवशिक्याकडे दुसरं काहीच नसतं. तो सोडून जातो.

खरी कसोटी चिनी नववर्षाची. सरकारी सुट्टी तेव्हा सात दिवसांची, पण लोक गावी निघतात त्याच्या किती आधीपासून! आमची निवेदिका सछ्वान प्रांताची. ती आठवडाभर आधी जायची आणि नववर्षाच्या पंधराव्या दिवशी येणाऱ्या कंदीलांच्या सणानंतर परतायची, म्हणजे तीन-साडेतीन आठवडे आवाजच नाही. २०१४ साली नववर्ष ३१ जानेवारीला होतं, म्हणून ती नसतानाचे सोमवार आम्ही डिसेंबरपासूनच मोजायला लागलो. तीन सोमवार भरले. चौथा राहिला. ती निघायच्या आदल्या रात्री आम्ही दोघी भिंतींना रजया लावलेल्या आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत बसलो. विषय होता ‘क्वो न्येन’, नववर्ष साजरं करणं. तेव्हा शहरात नववर्षाच्या दिवसांत फटाक्यांना परवानगी होती आणि खाली गल्लीत पोरांनी आधीच सुरुवात केली होती. तिने सहावी ओळ म्हटली, ‘तू घरी कधी जाणार?’, आणि बरोबर तेव्हाच एक माळ तडतडली. ती माझ्याकडे बघून थांबली. मी हाताने खूण केली, चालू दे. ती माळ आम्ही त्या भागात तशीच ठेवली.