सव्वीस हजार नोंदी

(दृश्य: कागदांचे गठ्ठे. एक हात एकेक नोंद उचलून वेगवेगळ्या ढिगांत ठेवतो आहे.)

फ्रान्सच्या न्याय मंत्रालयात सुमारे 26,000 आत्महत्यांच्या नोंदी होत्या. 1890 च्या दशकात मार्सेल मॉस नावाच्या विशीतल्या तरुणानं त्या सगळ्या चाळल्या. वय किती, स्त्री की पुरुष, लग्न झालं होतं का, मुलंबाळं होती का, अशी वर्गवारी केली. हे काम तो मामासाठी करत होता. मामाचं नाव एमिल दुर्खिम, समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक.

नोंदी पाहायची परवानगी दिली ती मंत्रालयाच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख गॅब्रिएल तार्द यांनी. तार्द हे दुर्खिम यांचे वैचारिक विरोधक. 1897 मध्ये दुर्खिम यांचा आत्महत्येवरचा ग्रंथ आला, त्यात तार्द यांच्याच सिद्धांतावर टीका होती. तरीही कागद मिळाले होते, हे विसरू नये.

आता प्रश्न असा, की एखाद्याच्या अगदी खासगी दुःखात समाजशास्त्राला काय शोधायचं होतं?

दुर्खिम यांना एक गोष्ट खटकत होती. माणसं बदलतात, प्रत्येकाचं कारण वेगळं असतं, तरी एखाद्या देशातलं आत्महत्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास तेच राहतं. त्यांच्या आकड्यांत प्रोटेस्टंट समाजात हे प्रमाण कॅथलिक समाजापेक्षा जास्त होतं. अविवाहितांत विवाहितांपेक्षा जास्त. युद्धाच्या काळात ते घटत होतं. आर्थिक संकटात वाढत होतं, हे समजण्यासारखं आहे. पण अचानक भरभराट आली तरीही वाढत होतं! गरिबी हे कारण इथे पुरेना. दुर्खिम म्हणाले, काय अपेक्षा ठेवावी, किती मिळालं म्हणजे पुरे, हे माणूस एकटा ठरवत नाही. ते माप समाज देतो. ते मापच विस्कटलं की पायाखालची जमीन जाते. या अवस्थेला त्यांनी ‘अॅनॉमी’ म्हटलं. मराठीत आपण प्रमाणकशून्यता म्हणतो.

(दृश्य: गर्दीची वाट. माणसं एकमेकांना न धडकता चालली आहेत.)

त्याआधी दोन वर्षं, 1895 मध्ये, त्यांनी या विचाराचा पाया मांडला होता: सामाजिक तथ्य. आपण जन्मतो तेव्हा भाषा आधीच असते, चलन असतं, भाऊ म्हणून, पत्नी म्हणून, नागरिक म्हणून काय करायचं ते ठरलेलं असतं. यातलं काहीच आपण निर्माण केलेलं नसतं. कुणी दंडुका घेऊन उभं नसतं, तरी मोडायला गेलं की दाब जाणवतो. मूल हा दाब हळूहळू आपलासा करतं, इतका, की मोठेपणी तो स्वतःचाच स्वभाव वाटू लागतो. यालाच सामाजीकरण म्हणतात. समाजशास्त्रातली सगळ्यात धाडसी कल्पना हीच आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण त्या 26,000 नोंदी लिहिल्या कुणी? मृत्यूवर ‘आत्महत्या’ असा शिक्का मारायचा की ‘अपघात’, हे कुणीतरी अधिकारी ठरवतो, आणि जिथे आत्महत्या हे पाप मानलं जातं तिथे कुटुंबं ती लपवतात. पुढच्या अभ्यासकांनी हा आक्षेप घेतला आणि तो रास्त आहे. आकडा म्हणजेसुद्धा माणसांनी लावलेला एक अर्थच असतो.

(दृश्य: दोन सायकली समोरासमोर येतात.)

अर्थाचा हा धागा जर्मनीत समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी पकडला. त्यांचं उदाहरण साधं आहे. दोन सायकलस्वार एकमेकांवर आदळले. वेबर म्हणतात, ही नुसती घटना झाली, दगड दगडावर आपटावा तशी. पण आदळण्याआधी एकानं दुसऱ्याला चुकवायचा प्रयत्न केला असेल, किंवा आदळल्यावर दोघं भांडले असतील, नाहीतर समजुतीनं बोलले असतील, तर ती सामाजिक क्रिया. पाऊस आला आणि रस्त्यावरच्या सगळ्यांनी एकदम छत्र्या उघडल्या, तर ती सामाजिक क्रिया नव्हे, कारण तिथे प्रत्येकाचं लक्ष पावसाकडे आहे, दुसऱ्या माणसाकडे नाही.

दुसऱ्याला ध्यानात घेऊन, मनात काही अर्थ धरून केलेली कृती म्हणजे सामाजिक क्रिया. तो अर्थ समजून घेणं, म्हणजे आकलन, हेच अभ्यासकाचं काम. सत्तेकडेही वेबर असेच पाहतात. लोक आज्ञा का पाळतात? परंपरा आहे म्हणून, एखाद्याच्या करिष्म्यामुळे, किंवा कायद्यानं दिलेल्या पदामुळे. हुकूम देणाऱ्याइतकंच त्यांचं लक्ष हुकूम मानणाऱ्याच्या मनाकडे होतं.

या शास्त्राला नाव मात्र आधीच मिळालं होतं. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत यांना त्याला ‘सामाजिक भौतिकी’ म्हणायचं होतं. बेल्जियमचे सांख्यिकीतज्ज्ञ आदॉल्फ केतले यांनी तेच शब्द वापरल्यावर कोंत यांनी लॅटिन आणि ग्रीक जोडून ‘सोसिओलोजी’ घडवलं. नाव नव्हतं तेव्हाही विचार होताच. अरब इतिहासकार इब्न खल्दून यांनी 1377 मध्येच राज्यांचा उदय आणि अस्त समूहातल्या आपलेपणाच्या बळाशी जोडून दाखवला होता.

(दृश्य: जहाजाचा डेक. एक स्त्री लिहीत बसली आहे, शेजारी कर्णा.)

इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो यांना लहानपणापासून ऐकू कमी येई. कानाला कर्णा लावून त्या 1834 मध्ये अमेरिकेच्या प्रवासाला निघाल्या. समाज पाहावा कसा, याचं पुस्तक त्यांनी याच प्रवासात लिहायला घेतलं आणि ते 1838 मध्ये छापलं गेलं. त्यांचा सल्ला असा, की सुरुवात वस्तूंपासून करा. थडग्यांवरचे लेख वाचा, तुरुंग पाहा, गाणी ऐका. लोक काय म्हणतात ते त्यावरचं भाष्य म्हणून घ्या. अमेरिकेबद्दल लिहिताना त्यांनी स्वातंत्र्याच्या घोषणेशेजारी गुलामगिरी ठेवली, आणि स्त्रियांना राजकीय अस्तित्वच नाही, यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. कोंत यांच्या ग्रंथाचे सहा खंड 1853 मध्ये इंग्रजीत दोन खंडांत आणणाऱ्याही त्याच. कोंत यांची भाषांतरकार एवढीच त्यांची ओळख कितीतरी वर्षं राहिली, हा अन्याय होता.

कार्ल मार्क्स यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: वर्ग, मालकी, संघर्ष. त्यांची प्रश्नावली कमी जणांना ठाऊक आहे. 1880 मध्ये त्यांनी फ्रान्समधल्या कामगारांसाठी सुमारे शंभर प्रश्न काढले. कामाच्या जागी हवा खेळती आहे का? यंत्रापासून संरक्षण आहे का? उत्तरं फारच थोडी आली. पण कामगाराची स्थिती कामगारानंच सांगावी, ही त्यामागची भूमिका मोठी होती.

(दृश्य: फिलाडेल्फियाचा जुना नकाशा. घरं वेगवेगळ्या रंगांत.)

आणि मग एक माणूस दारोदार गेला. 1896 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं कृष्णवर्णीय अमेरिकन अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास सोपवला. हार्वर्डची डॉक्टरेट असलेल्या या माणसाला पद दिलं ‘सहायक निदेशक’ (असिस्टंट इन्स्ट्रक्टर) इतकंच. वस्तीत गुन्हेगारी आहे, आणि दोष तिथल्या लोकांचाच, असं शहरानं जणू आधीच ठरवलं होतं.

डु बॉइस बायकोसह त्याच वस्तीत राहायला गेले. जवळजवळ 2,500 कुटुंबांना त्यांनी भेटी दिल्या. कोण काय काम करतं, भाडं किती, शिक्षण किती, कुठली नोकरी रंगामुळे नाकारली गेली. वस्तीतल्या घरांना त्यांनी आर्थिक-सामाजिक स्थितीप्रमाणे वेगवेगळे रंग दिले. ज्या वस्तीकडे शहर एकच ठोकळा म्हणून बघत होतं, तिच्यात किती थर आहेत हे त्या नकाशावर उघड झालं. 1899 मध्ये पुस्तक आलं. दारिद्र्य आणि गुन्ह्यांमागे गुलामगिरीचा इतिहास आणि बंद झालेली दारं कशी आहेत, हे त्यात पानोपानी मांडलं आहे.

वस्तीनं मात्र त्यांचं हसतमुखानं स्वागत केलं नव्हतं. कुठल्यातरी विचित्र प्राण्यासारखं आपल्याला तपासलं जावं, हे लोकांना आवडलं नाही. तपासणारा त्यांच्यातलाच होता, तरीही. कितीतरी वर्षांनी डु बॉइस यांनी ही आठवण लिहिली. त्या दारांपुढे उभं राहून आपण चाचपडू लागलो, आणि आपल्याच माणसांबद्दल आपल्याला वाटलं होतं तितकं ठाऊक नाही, हे तिथे कळलं, असं त्यांनी म्हटलं आहे.

(दृश्य: एक बंद दार. टकटक. दार किलकिलं होतं.)