रिपोर्ट नॉर्मल आहेत

[दृश्य : सकाळ. दवाखान्याचं दार उघडतं. टेबलावर केस पेपरचा गठ्ठा.]

मी २६ वर्षं फॅमिली डॉक्टर आहे. ताप, खोकला, बीपी, शुगर, पाठदुखी, बाळाची लस, आजीचा गुडघा. एकेका घरातल्या तीन-तीन पिढ्या माझ्यासमोरच्या या खुर्चीत बसून गेल्या. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कोणतं औषध लिहिलं ते मला सांगता येणार नाही. सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य मात्र सांगता येईल. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजी करू नका.’

हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. ऐकणाऱ्याला हायसं वाटतं आणि तो उठून घरी जातो. पण एक बाई हे ऐकूनही उठल्या नाहीत. माझी गोष्ट तिथून सुरू होते.

[दृश्य : रिकामी खुर्ची. खिडकीतून येणारं उतरतं ऊन.]

त्यांचं वय ५४. मधुमेह १२ वर्षांचा, साखर ताब्यात. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी दिवसातून दोनदा. ॲसिडिटीची गोळी रोज एक, तीही कित्येक वर्षं. तक्रार एकच : ‘डॉक्टर, अंगात त्राणच राहिलेलं नाही.’ हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, किडनी ठीक. पायाला मुंग्या येतात म्हणाल्या, त्या मी मधुमेहाच्या खात्यात टाकल्या. झोप लागत नाही म्हणाल्या, झोपेची हलकी गोळी लिहून दिली. सहा महिन्यांत त्या चार वेळा आल्या. चौथ्या वेळी मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं, तेव्हा त्या बसूनच राहिल्या. म्हणाल्या, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत हो. मी नाहीये.’

त्या दिवशी बाहेर कुणी थांबलेलं नव्हतं. असतं तर मी बहुधा टॉनिक लिहून दिलं असतं. कुणी नव्हतं, म्हणून पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘तुम्हाला शेवटचं बरं कधी वाटत होतं?’

त्या ४० मिनिटं बोलल्या. यजमानांचं आजारपण, रात्रीची जागरणं, मग चालायला जाणं सुटलं, मग छातीत जळजळ, मग ती गोळी. तीन आठवड्यांपुरती सुरू केलेली गोळी कुणी बंदच केली नव्हती. त्या ‘कुणी’मध्ये मीही होते.

आता यातलं शास्त्र. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ जीवनसत्त्व कमी शोषलं जाऊ शकतं. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि आम्ल दाबणारी गोळी नेमकं तेच कमी करते. म्हणजे दोन्ही औषधं एकाच भिंतीला दोन बाजूंनी भोक पाडत होती. बी-१२ कमी झालं तर रक्त कमी व्हायच्या आधीच नसा दुखावू शकतात. हिमोग्लोबिन ठीक होतं, म्हणून मी निश्चिंत राहिले होते. बी-१२ तपासलं. अगदी तळाला गेलेलं होतं.

यातली एकही गोष्ट नवी नव्हती. सगळी माझ्याच पुस्तकांत होती. कमी पडला होता तो ऐकायला लागणारा वेळ.

[दृश्य : भिंतीवरचं घड्याळ. सेकंदकाटा.]

वेळ किती कमी पडतो, हे मोजलं गेलेलं आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकल यांनी ७४ तपासण्यांचं ध्वनिमुद्रण अभ्यासलं. रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याचं बोलणं तोडत होते. २०१७ मध्ये ६७ देशांतली आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हा डॉक्टर-भेटीचा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं निघाला. जगातली जवळपास निम्मी माणसं अशा देशांत राहतात, जिथे ही भेट ५ मिनिटांत किंवा त्याआधीच आटोपते. माझ्या दवाखान्यात कुणी घड्याळ लावलं नव्हतं. लावलं असतं तर मला तो आकडा पाहवला नसता.

मी शोधायला लागले. माणसाचं शरीर, मन आणि त्याच्या भोवतीचं जग एकत्र पाहायला हवं, हा विचार जॉर्ज एंगल या डॉक्टरांनी १९७७ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला होता. कॉलेजात तो एका व्याख्यानात उरकला गेला होता. पुढे दोन नावं सतत समोर येत राहिली.

पहिलं, इंटिग्रेटिव्ह मेडिसिन. ॲरिझोना विद्यापीठात अँड्र्यू वाइल यांनी १९९४ मध्ये त्याचा अभ्यासक्रम सुरू केला. आधुनिक वैद्यक सोडायचं नाही. त्याच्या जोडीला आहार, हालचाल, ध्यान, ॲक्युपंक्चर असे पूरक उपचार घ्यायचे, आणि तेही पुरावा तपासून. दुसरं, फंक्शनल मेडिसिन. जेफ्री ब्लँड हे जीवरसायनतज्ज्ञ, १९९१ मध्ये त्यांनी यासाठी संस्था काढली. रोगाला नाव देऊन थांबू नका, शरीरातली कोणती कामं बिघडली आणि कशानं, ते मागे मागे जाऊन शोधा, असं ते सांगतात.

या दुसऱ्या वाटेनं मला एक साधा कागद दिला : आयुष्याची आडवी रेघ. जन्मापासून आजपर्यंत. त्यावर आजार, ऑपरेशनं, औषधं, बाळंतपणं, घरातले मृत्यू, नोकरी जाणं, सगळं क्रमानं लिहायचं. आजाराची जमीन आधी कशी तयार झाली? ठिणगी कुठे पडली? आणि आग अजून का विझत नाही? हे तीन प्रश्न मी आजही विचारते. केस पेपरवर ‘डोकेदुखी, ३ वर्षं’ एवढंच असायचं. रेघ काढली की दिसायचं, तीन वर्षांपूर्वी काय घडलं होतं ते.

[दृश्य : कागदावर रेघ ओढणारा हात. रेघेवर छोट्या खुणा.]

रेघेवरच्या जुन्या खुणा आजच्या शरीराशी कशा जोडलेल्या असतात, याचा मोठा अभ्यास १९९८ मध्ये फेलिट्टी आणि अँडा यांनी प्रसिद्ध केला. लहानपणी मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी हृदयरोगापासून नैराश्यापर्यंत अनेक आजारांचं प्रमाण जास्त आढळलं. तो वाचल्यावर मी बरेच जुने केस पेपर पुन्हा काढून बसले होते.

आणि उपचार? इथे मला सुखद धक्का बसला. ज्याला मी ‘सॉफ्ट’ समजत होते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना भक्कम पुरावा होता. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आहार, व्यायाम आणि वजन यांवर काम करणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ३१ टक्क्यांनी. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं सांगितलं की जुनाट निद्रानाशाला आधी गोळी देऊ नका, आधी झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी द्या. पुढच्याच वर्षी याच संस्थेनं जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम, योग, ताई ची, ॲक्युपंक्चर, माइंडफुलनेस हे औषधांच्या आधी ठेवले. मी मात्र इतकी वर्षं पेनकिलरपासून सुरुवात करत होते.

त्या बाईंचं पुढे काय झालं, ते सांगते. बी-१२ ची इंजेक्शनं दिली. ॲसिडिटीची गोळी हळूहळू उतरवली, एकदम थांबवली असती तर जळजळ उसळून आली असती. झोपेच्या गोळीऐवजी झोपेची थेरपी केली. मेटफॉर्मिन सुरूच ठेवलं, कारण त्यांना ते हवंच होतं. चार महिन्यांनी त्या जिना न थांबता चढल्या. पायाच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, पण डाव्या अंगठ्याची बधिरता गेलेली नाही. मी एक वर्ष आधी ऐकलं असतं, तर कदाचित तीही गेली असती.

[दृश्य : कपाटात ओळीनं लावलेल्या औषधांच्या बाटल्या. कॅमेरा सावकाश सरकतो.]

यानंतरचा भाग सांगायला जड जातो, पण तो गाळला तर बाकीचं खोटं ठरेल.

नवं शिकलेल्या माणसाला सगळीकडे तेच दिसतं. मी सप्लिमेंट्स लिहायला लागले. केस गळतात म्हणून आलेल्या एका तरुणीला मी बायोटिन हे जीवनसत्त्व दिलं, रोज १० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं. म्हणजे मी तिला गरजेच्या तीनशे पटींहून जास्त देत होते. दोन महिन्यांनी थायरॉइड तपासलं. थायरॉइडला काम करायला सांगणारं टीएसएच तळाला, थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन टी-४ चढलेलं. कागदावर थायरॉइड वाढल्याचं अगदी स्पष्ट चित्र. मी गोळी लिहायला घेतली, आणि सवयीनं तिची नाडी धरली. ७२. हात थरथरत नव्हते, वजन तेच, घाम नाही, धडधड नाही.

लॅबच्या पॅथॉलॉजिस्टना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘बायोटिन घेते का?’

अनेक हार्मोन चाचण्यांच्या रसायनात बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त झालं की चाचणीच फसते. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. बायोटिनमुळे हृदयविकाराची ट्रोपोनिन चाचणी खोटी कमी येऊ शकते, आणि त्यातून एक मृत्यू झाल्याची नोंदही त्या इशाऱ्यात आहे. बायोटिन बंद केलं, काही दिवस थांबून पुन्हा तपासलं, थायरॉइड व्यवस्थित होतं. केस गळत होते लोह कमी असल्यामुळे, आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.

त्या बाईंच्या वेळी रिपोर्ट नॉर्मल होते आणि माणूस आजारी. इथे माणूस ठणठणीत होता आणि रिपोर्ट आजारी, तोही मीच पाडलेला.

तेव्हापासून मी पूरक उपचारांनाही तीच फूटपट्टी लावते, जी औषधांना लावते. आणि त्या फूटपट्टीवर या क्षेत्रातलं बरंच काही टिकत नाही, हे मला मोठ्यानं म्हणायचं आहे. ताणानं ॲड्रिनल ग्रंथी थकतात असं सांगणारा ‘ॲड्रिनल फटीग’ नावाचा आजार एंडोक्राइन सोसायटी ही हार्मोनतज्ज्ञांची संघटना मानत नाही, त्याला पुरावा नाही. शंभर-दोनशे खाद्यपदार्थांची आयजीजी (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं मोजणारी) चाचणी करून ‘हे सगळं बंद करा’ असं सांगितलं जातं. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ती चाचणी करू नका म्हणतात, कारण त्या पदार्थाशी शरीराची ओळख झाली आहे, एवढंच ती दाखवते. घाबरून अर्धं ताट रिकामं केलेली, सुकलेली माणसं मी पाहिली आहेत. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ फॅमिली फिजिशियन्सनं २०१४ मध्ये फंक्शनल मेडिसिनच्या अभ्यासक्रमांना श्रेयांक देणं थांबवलं होतं, आणि २०१८ मध्ये ते फक्त काही अंशी पुन्हा सुरू केलं. ज्या वाटेवर मी चालते, तिच्यावर माझ्याच पेशातल्या लोकांनी शंका घेतली. ती शंका मला रास्त वाटते.

‘वनस्पती आहे, अपाय काय होणार?’ या समजुतीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातली औषधं मोडण्याची यंत्रणा वेगवान करते. मग गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, प्रत्यारोपण झालेल्यांचं सायक्लोस्पोरिन, सगळ्यांचा प्रभाव घटतो. आणि बऱ्या होऊ शकणाऱ्या कॅन्सरमध्ये मुख्य उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट आढळला, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. माझ्याकडे कुणी ‘केमो नको, तुमचंच काहीतरी द्या’ म्हणत आलं, तर मी आधी कॅन्सरतज्ज्ञांना फोन लावते. मळमळ, झोप, भीती यांसाठी मी आहेच, केमो सुरू असताना.

[दृश्य : दुपार. दहा खुर्च्या गोलात मांडल्या जातात.]

वेळेचा प्रश्न सुटला का? नाही सुटला. आठवड्यातल्या दोन दुपारी मी नव्या रुग्णाला ५० मिनिटं देते. त्या दुपारी तापानं फणफणलेल्या कुणाला तरी दुसरीकडे जावं लागतं, आणि याचा मला त्रास होतो. निवांत ऐकून घेणं ही फक्त ऐपत असलेल्यांची चैन व्हायला नको. म्हणून गुरुवारी गट बसवते. मधुमेहाची दहा माणसं, दीड तास, एकत्र. मी अर्धा तास बोलते, उरलेला वेळ ती एकमेकांशी बोलतात. त्या बाईही येतात, अंगठा अजून बधिर आहे तरी रोज चालतात.

सगळ्यांना मी एकच सांगून ठेवलं आहे : घरातली असतील नसतील तेवढी औषधं पिशवीत घालून आणा. डॉक्टरांनी दिलेली, स्वतः आणलेली, शेजाऱ्यांनी सुचवलेली, सगळी.

[दृश्य : एक वयस्कर गृहस्थ टेबलावर पिशवी उलटी करतात. बाटल्या, पट्ट्या, पुड्या. डॉक्टर चष्मा लावून पहिली बाटली उचलतात.]

‘ही कधीपासून घेताय, काका? आणि कशासाठी सुरू केली होती, आठवतंय का?’