टेक अब्जाधीश देशाच्या खुर्चीवर बसला तर

मंडळी, दिवाळीला माझा पुतण्या बेंगळूरहून आला होता, आयटीत आहे, जेवता जेवता सरळ म्हणाला, काका हे सगळे पुढारी घरी पाठवा आणि एखाद्या टेक अब्जाधीशाला देश चालवायला द्या, पाच वर्षांत सगळं ॲपवर येईल, लाईन नाही लाच नाही. मी त्याला उडवून लावलं नाही, कारण पोराचा राग खरा आहे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलातल्या गावांतून आजही पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून चिखलातून आणावं लागतं, आणि रस्त्याचा शब्द दर इलेक्शनला मिळतो. मग पोरांना वाटणारच की जो माणूस रॉकेट वर पाठवून परत उभं खाली उतरवतो, त्याला एक रस्ता जड जाणार आहे का.

पण मी २६ वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात काढली, मला हा विषय तिथनंच समजतो. ओतलेल्या कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक निघालं की खडूनं फुली मारायची, रिजेक्शनच्या ढिगात टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी ते परत भट्टीत. लोखंड वितळतं, परत ओततो, वीज आणि मजुरी गेली एवढंच. सॉफ्टवेअरवाल्यांचं त्याहून सोपं, नवीन चुकलं की जुनं व्हर्जन परत लावायचं. पटकन करा, मोडलं तर नंतर बघू, ह्यावरच ती माणसं मोठी झाली आणि धंद्यात ते चूक आहे असं मी म्हणत नाही. देशात मात्र परत भट्टीत टाकायची सोय नसते, माझं सगळं बोलणं ह्या एका गोष्टीभोवती आहे.

इलॉन मस्क यांचं बघा. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, त्यामुळं अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे त्यांना राष्ट्राध्यक्ष होता येत नाही, पण २०२५ साली चारेक महिने सरकारी खर्च कापायचं काम त्यांच्याकडं होतं म्हणजे नमुना सगळ्या जगानं बघितला. २०२२ ला ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, निम्म्याहून जास्त माणसं काढली, तरी ॲप चाललं. तीच रीत सरकारात लावायला गेले. फेब्रुवारीत अण्वस्त्रांची देखभाल बघणाऱ्या खात्यातली शेकडो माणसं काढली आणि लगेच त्यांना परत बोलवायची धावपळ सुरू झाली. एबोला रोखायचं काम चुकून बंद झालं होतं, लगेच चालू केलं, असं मस्क यांनी स्वतः कॅबिनेट बैठकीत सांगितलं, आणि ते काम केलेली माणसं म्हणाली की ते पूर्वीसारखं झालंच नाही. तुम्ही चूक दुरुस्त करेपर्यंत एबोला थांबतो का ओ?

दुसरं, ह्या माणसांना कुणी काढू शकत नाही ह्याची सवय झालेली असते. फेसबुकच्या मेटा कंपनीत झुकरबर्ग यांच्या खास शेअरला एकाला दहा मतं आहेत, निम्म्याहून जास्त मतं त्यांच्याच हातात, बाकीचे सगळे भागधारक एका बाजूला झाले तरी ते जागचे हलत नाहीत. अशी सवय घेऊन माणूस खुर्चीवर बसला तर पाच वर्षांनी तो तुमच्या-माझ्या दारात मत मागायला कशाला येईल?

आपल्याकडचं उदाहरण नंदन निलेकणी, इन्फोसिसच्या संस्थापकांतले, धारवाडात शिकलेले, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. २००९ ला इन्फोसिसमधलं काम सोडून आधारचं हातात घेतलं, २०१० ला पहिलं आधार नंदुरबारच्या टेंभलीत दिलं. २०१४ ला दक्षिण बेंगळूरमधनं लोकसभेला उभे राहिले आणि त्यांच्याच आयटीच्या गावात अनंतकुमार यांनी त्यांना दोन लाखांहून जास्त मतांनी पाडलं. हरले आणि परत आपल्या कामाला लागले. पुढं २०१८ ला सुप्रीम कोर्टानं आधार ठेवलं पण खाजगी कंपन्यांनी ते मागायचं कलम काढून टाकलं. म्हणजे हुशार माणूस कामाला लागला आणि वर ब्रेकही राहिला, मला हवं ते हे.

आणि हे आपल्या सीमाभागाला सांगायला लागू नये. १९५६ ला नकाशावर रेघ ओढली, चंदगड तालुका तिकडं महाराष्ट्राच्या बाजूला गेला, आपण इकडं कर्नाटकच्या. ती ओढणारी माणसं अडाणी नव्हती, शिकलेली, कामसू, त्यांनी बहुतेक ठिकाणी जिल्हा धरून हिशेब केला. खेडं हा घटक धरा म्हणून आपली माणसं तेव्हापासून सांगत आलीत, १९६७ ला ह्या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, सत्तर वर्षं होत आली. कुठलं जुनं व्हर्जन परत लावणार? झटपट निर्णय घेणारा नेता पाहिजे म्हणणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो, की एक निर्णय असाच झाला होता आणि तुझी आज्जी, तुझा बाप आणि तू त्यातच वाढला.

माझी आत्ती निपाणीजवळच्या खेड्यात असते, चाळीस वर्षं विड्या वळल्या, बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत झालीत. रेशनच्या मशीनला तिचा अंगठा उठत नाही. वर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार अडकले, कारण नाव मराठीतनं कन्नडात, कन्नडातनं इंग्रजीत जाता जाता आधारवर एक ए आणि पासबुकावर दोन ए झाले. कॉम्प्युटरच्या हिशेबात ती दोन बायका. तीन हेलपाटे झाले, दरवेळी एकच उत्तर, सिस्टीम घेत नाही.

चौथ्यांदा मीही बरोबर गेलो. कॉम्प्युटरवर बसलेली पोरगी कन्नड बोलणारी, मराठी मोडकंतोडकं. तिनं मागची लाईन थांबवली, दुरुस्तीचा अर्ज स्वतःच कन्नडात लिहिला, आत्तीला वाचून दाखवला. मग कुठनं तरी कोमट पाण्याचं भांडं आणलं, आत्तीची बोटं त्यात बुडवली, आपल्या ओढणीनं पुसली आणि एक एक बोट मशीनवर ठेवून बघायला लागली, उजव्या हाताची पाची झाली, डावा सुरू केला, मागनं कुणीतरी ओरडलं तर हात वर करून थांबा म्हणाली. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला मशीन वाजलं.