हातोडी आधी, एमआरआय नंतर

(दृश्य : तपासणीच्या टेबलावर बसलेला पेशंट, लोंबते पाय, गुडघा अगदी जवळून)

गुडघ्याच्या वाटीखाली अंगठ्यानं चाचपलं की एक जाड, ताठ पट्टा हाताला लागतो. रबरी हातोडी पडते ती नेमकी त्यावर. पाय पुढे उडतो आणि पेशंट ओशाळून हसतो, जणू आपणच लाथ मारली. वास्तविक त्यानं काहीच केलेलं नसतं. मांडीचा स्नायू क्षणभर ताणला गेला, ती खबर मज्जारज्जूपर्यंत पोचली आणि परतीचा हुकूम तिथूनच सुटला. मेंदूला विचारायला कुणी थांबलंच नाही.

१८७५ साली विल्हेल्म अर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी हे स्वतंत्रपणे नोंदवलं. ही तपासणी अजून टिकून आहे, कारण ती दोषाची जागा सांगते. मज्जारज्जूकडून पायाकडे जाणारी नस बिघडली, तर पाय ढिम्म हलत नाही. बिघाड त्याच्याही वर असेल, तर पाय नको तितक्या जोरात उडतो. मेंदूचा वरून असलेला लगाम सुटलेला असतो.

धडधाकट माणसाचाही पाय कधीकधी उडत नाही. मग 'दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढा' असं सांगायचं आणि त्याच क्षणी हातोडी मारायची. बहुतेकदा उडतो. ही युक्ती बुडापेस्टच्या येंद्राशिक यांची.

(दृश्य : तळपाय. टाचेकडून बोटांकडे फिरणारी किल्ली)

तळव्याच्या बाहेरच्या कडेनं किल्लीचं टोक ओढलं, की मोठ्या माणसाची बोटं खाली वळतात. अंगठा वर गेला, तर मेंदूकडून खाली येणाऱ्या वाटेत अडथळा आहे असं समजायचं. जोसेफ बाबिन्स्की यांनी पॅरिसमध्ये १८९६ साली हे दाखवून दिलं. तान्ह्या बाळाचा अंगठा मात्र वरच जातो. त्याच्या त्या वाटा अजून पक्क्या व्हायच्या असतात, तेव्हा आईबाबांनी घाबरू नये.

आता एक नेहमीचं चित्र बघा. आजोबांचे पाय जड झालेत, चालताना चप्पल घासते. घरचे म्हणतात, "कमरेचा एमआरआय काढून टाकू." रिपोर्टात येतं, गादी थोडी सरकली आहे. या वयात काही तक्रार नसलेल्या कितीतरी जणांची ती सरकलेली असते! पण हातोडी मारल्यावर आजोबांचे दोन्ही पाय जोरात उडतात, अंगठे वर जातात. मज्जारज्जू तर कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, खाली नुसता नसांचा जुडगा. म्हणजे दोष त्या फोटोच्या वर कुठेतरी. त्यात सदऱ्याची बटणंही लावता येत नसतील, म्हणजे हातांच्या नसा निघतात त्या मानेतच बिघाड असू शकतो, तर आधी मान बघायला हवी. एमआरआय खोटं बोलला नाही, आपणच त्याला भलतीकडे बघायला लावलं.

(दृश्य : स्कॅनचा कक्ष, ईईजीच्या रेषा)

बाकी तपासण्यांचंही तेच. ईईजी मेंदूतल्या विजेच्या हालचाली टिपतो. पण दोन झटक्यांच्या मधल्या काळात तो नॉर्मल आला, म्हणून फिट्सचा आजार नाही असं ठरत नाही. मेंदूज्वराची शंका असली, की पाठीतलं पाणी तपासावं लागतं. अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मात्र ताबडतोब सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी रक्तस्राव नाही ना हे बघावंच लागतं.

(दृश्य : मुंबई, जे. जे. रुग्णालय)

माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये १९७१ च्या ऑक्टोबरात झाला. त्याच वर्षी मुंबईच्या डॉ. नोशिर वाडिया यांनी सहकाऱ्यासह नऊ कुटुंबांतला एक आनुवंशिक आजार 'ब्रेन' या नियतकालिकात मांडला. या लोकांचा तोल जायचा, पण खरी खूण डोळ्यांत होती. डावीकडून उजवीकडे बघायला सांगितलं, तर आपली नजर झटक्यात उडी मारते. यांची हळूहळू सरकत जायची. अशा आजारामागच्या एका प्रमुख जनुकातला बदल १९९६ मध्ये सापडला. आता रक्तावरून तो तपासता येतो. पण तोल जाण्याची कारणं ढीगभर; त्यातून नेमकी हीच चाचणी लिहून द्यायची, हे डॉक्टरांना अजूनही पेशंटची नजर कशी फिरते ते बघूनच सुचतं.