गिझर गळतोय, पण नेमका कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीत चाकरमानी गावी येतात, बंद घर उघडतं, पंप सुरू होतो, गिझर लागतो आणि दुसऱ्या दिवशी आम्हा मिस्त्रींना फोन येतो, "गिझर गळतोय हो, नवीनच आणू का?" गुहागर काय, देवगड काय, सगळीकडे हेच. माझं सांगणं इतकंच, की आणायच्या आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. बऱ्याचदा टाकी धड असते आणि गळत असतं दुसरंच काही.

पहिलं काम वीज बंद करायचं. भिंतीवरचं बटण पुरेसं नाही, बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे गिझरची वीज तोडणारा खटका, पाडा. दोन किलोवॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर करंट ओढतो. त्यात कातळावरच्या घरांची अर्थिंग उन्हाळ्यात जमीन सुकली की कमजोर पडते. ओल्या गिझरला हात लावण्याआधी याचा विचार हवाच.

पाणी निवलं की गिझर आणि नळ्यांचे सांधे कोरड्या फडक्याने पुसून काढा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि थोडं थांबा. पाणी वरून ओघळत येतं, म्हणून थेंब पडतो तिथे दोष असेलच असं नाही. बोट फिरवत वर जा आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधा.

थंड पाण्याच्या नळीवर, गिझरच्या तोंडाशीच, एक व्हॉल्व्ह असतो. त्याला बाजूला बारीक तोंड असतं. गिझर तापताना तिथून थेंब पडले तर घाबरू नका. 25 लिटर पाणी 25 अंशांवरून 65 अंशांवर गेलं की ते साधारण 400 मिलिलिटरने वाढतं. हा व्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नाही, मग नळ बंद असताना वाढलेलं पाणी जाणार कुठे? याच तोंडातून. गिझर थंड असतानाही धार चालू राहिली, तर मात्र आत विहिरीची रेती अडकली असेल. पाणी निवल्यावर व्हॉल्व्हची दांडी चार-पाच वेळा उचला, कचरा निघून जातो. नाहीच थांबलं तर व्हॉल्व्ह बदला.

काही घरांत त्या तोंडात खुंटी ठोकलेली किंवा एम-सील भरलेलं मी पाहिलं आहे. कळकळीने सांगतो, असं कधीही करू नका. पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट अडकून पाणी तापतच राहिलं, तर वाढलेल्या दाबाला तेवढीच वाट असते. ती बुजवली तर टाकी फुटते आणि खाली अंघोळीला बसलेलं माणूस असतं.

नळ्यांच्या सांध्यातून गळत असेल तर काम सोपं. घर महिनोन्‌महिने बंद राहिलं की रबरी वायसर वाळून कडक होतो. तो बदला. आट्यांवर गुंडाळायची असेल तिथे टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा. पान्याने जीव खाऊन आवळू नका, आटे चिरतात.

खालच्या झाकणातून, वायरीपाशी पाणी येत असेल तर पाणी तापवणाऱ्या कॉईलखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी रबरी चकती, गेलेलं असतं. तिथे वीज आणि पाणी शेजारी आहेत. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

आणि पत्र्याच्या सांध्यातून गंजाळ, तांबूस पाणी झिरपत असेल तर टाकीच गेली. आतला काचेसारखा थर वेल्डिंगने जळतो, त्यामुळे तो खर्च वाया जातो. पण ही वेळ लांबवता येते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. नवी असताना अंगठ्याएवढी जाड, संपत आली की मधली तार तेवढी उरते. एप्रिल-मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या, खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात. खारट पाण्यात वीज सहज वाहते, म्हणून ही कांडी आपल्याकडे लवकर संपते. दरवर्षी एकदा ती उघडून बघायला सांगा. ती बदलायला नव्या गिझरच्या मानाने फारच थोडे पैसे लागतात.

घर बंद करून मुंबईला निघताना गिझरची वीज आणि पाणी दोन्ही बंद करा आणि टाकी रिकामी करून घ्या. परत आल्यावर आधी पाणी सोडा, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा, तो फुसफुसायचा थांबून अखंड धार लागली की नळ बंद करा. टाकी भरली, आता एमसीबी वर करा. रिकाम्या टाकीत बटण दाबलं तर कॉईल जळते.

नमस्कार.