फ्रीजची वही आणि मंगळवारची लाइट

श्रोतेहो, नमस्कार.

आमचा कंदी पेढ्यांचा धंदा आहे. साताऱ्यात पेढे विकणं म्हणजे पंढरपुरात बुक्का विकण्यासारखं. गिऱ्हाईक भरपूर, पण शेजारच्या दुकानातही तेच. दुकान सासऱ्यांच्या वेळचं, भट्टी त्याच्या मागच्या बाजूला. भट्टीवर आमचे जुने कारागीर आबा. माझं लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या आधीपासून ते त्या कढईपुढे उभे आहेत. हिशेब आणि सरकारी कागद मात्र माझ्याकडे. त्या कागदांनी माझी कशी फजिती केली, ते आज सांगते. तुमच्यातल्या कुणाचा फराळाचा, मसाल्याचा, खानावळीचा धंदा असेल, बचत गटाची शेवयांची ऑर्डर असेल, तर हे तुमच्याही कामाचं आहे.

काही वर्षांपूर्वी पुण्याचं एक मोठं गिऱ्हाईक मिळत होतं. माल घेण्याआधी त्यांचा माणूस येऊन ऑडिट, म्हणजे स्वच्छतेची आणि नोंदींची तपासणी, करणार होता. आठ दिवस आधी कळलं, आणि पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण करतो ते सगळं आम्ही केलं. भिंतींना रंग दिला, कामावरच्या पोरांना नव्या टोप्या आणल्या, झुरळांचं औषध मारून घेतलं. राहिली फ्रीजची वही. खवा ज्या फ्रीजमध्ये ठेवतो त्याचं तापमान रोज दोनदा लिहायचं असतं. आमची वही दोन महिने कोरी होती. रात्री जेवणं आटोपल्यावर मी बसले आणि एका बैठकीत ती भरून काढली. चार अंश, चार अंश, मध्येच पाच, परत चार. शंका यायला नको म्हणून पेनसुद्धा तीन वापरले.

ऑडिटला आली एक तरुण मुलगी. एसटीने आलेली, पाठीवर सॅक. चहा नको म्हणाली, पेढाही नंतर बघू म्हणाली. भिंतींकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. वही चाळता चाळता एका पानावर थांबली.

"या मंगळवारी दुपारी चार अंश होतं?"

"हो," मी म्हणाले.

तिने मान वर करून भट्टीशेजारच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. त्या मंगळवारच्या चौकोनात आबांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'सकाळपासून लाइट नाही. खवा परत पाठवला.'

मला तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. ती रागावली मात्र नाही. वही मिटून बाजूला ठेवली आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर घेतलं. आबा त्यावर सगळं टिपत असत. कुणाचा खवा किती किलो आला, कोणता आंबूस निघाला, कोण कामाला आलं नाही, भट्टी किती वाजता पेटवली. ती म्हणाली, "काकू, तुमचं रेकॉर्ड हे आहे. मग ती वही कशाला लिहिलीत?"

ती ऑर्डर त्या वेळी गेली. हातात राहिलं ते कॅलेंडर.

आता कायद्याचं थोडं. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६चा, अंमल सुरू झाला ५ ऑगस्ट २०११ला. आपल्या परवान्यावरचा किंवा नोंदणीवरचा जो १४ आकडी नंबर, तो याच कायद्याखाली मिळतो. स्वच्छतेचे नियम परवान्याच्या नियमावलीतल्या परिशिष्ट ४ मध्ये आहेत, आणि अधिकारी ज्या यादीवरून गुण देतात ती यादी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (FSSAI) स्वतःच जाहीर केलेली आहे. म्हणजे पेपर आधीच फुटलेला आहे म्हणा ना! तरीही आपण नापास होतो. त्या यादीत काही मुद्द्यांपुढे चांदणीची खूण असते. चांदणीचा एक मुद्दा चुकला, तर बाकी सगळे गुण असून उपयोग नाही. मी यादी छापून घेतली आणि आधी फक्त चांदण्या वाचल्या.

वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. आम्ही सगळा जीव कढईवर लावत होतो, कारण कौशल्य तिथे आहे. खवा मंद आचेवर भाजत भाजत बदामी करायचा, तो कढई सोडायला लागला की ओळखायचं. पण त्या आचेपुढे बहुतेक जंतू टिकतच नाहीत. धोका सुरू होतो तो कढई उतरल्यावर. पेढा हाताने वळतात, परातीत ठेवतात, बॉक्समध्ये भरतात, आणि त्यानंतर तो पुन्हा गरम होत नाही. जे हातावर असेल ते पेढ्यावर, आणि पेढ्यावरचं थेट कुणाच्या तरी लेकराच्या पोटात. मोठ्या कारखान्यात याला हॅसॅप म्हणतात. धोका नेमका कुठे आहे ते शोधा आणि तिथे पहारा बसवा, एवढाच त्याचा अर्थ. रंगाला घातलेले पैसे आम्ही वळायच्या टेबलाशेजारी एक बेसिन बसवायला घातले असते, तर शहाणपणाचं झालं असतं.

आणि आबांच्या खांद्यावरचं फडकं! त्याच फडक्याने कढईचे कान धरायचे, घाम पुसायचा, आणि परातही पुसायची. ते खांद्यावरून उतरवायला मला सहा महिने लागले. शेवटी घामासाठी लाल पंचा आणि परातीसाठी पांढरी फडकी असा तह झाला. पांढरी रोज उकळायची.

पाण्यावरूनही आमच्यात वाद झाला. घरातल्यांचं म्हणणं, "कासचं पाणी आहे, त्याचा कसला रिपोर्ट?" कासच्या तलावाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पाणी नळातून थेट कढईत येत नाही, आमच्या गच्चीवरच्या टाकीतून येतं, आणि त्या टाकीचं झाकण मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने उडालेलं मी स्वतः पाहिलंय. म्हणून आता टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगवतो आणि पाणी सहा महिन्यांनी प्रयोगशाळेत देतो. नमुना भट्टीजवळच्या नळाचा, गच्चीवरचा नाही.

खव्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या धंद्याचं नाक तेच आहे. फ्रीज पाच अंशांच्या आत हवा. पाच ते साठ या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. खवा आला की आबा चिमूटभर तोंडात टाकून बघतात, ते बघू देत. पण मी शेजारी आयोडीनची बाटली ठेवलीय. थोडा खवा पाण्यात उकळायचा, गार होऊ द्यायचा, दोन थेंब टाकायचे. निळं झालं तर त्यात स्टार्च आहे, माल परत. कुणाचा खवा कोणत्या घाण्याला, म्हणजे कढईच्या कोणत्या खेपेला गेला, तेही लिहायचं, आणि घाण्याचा नंबर बॉक्सवर मारायचा. दर महिन्याला मी दुकानातला कोणताही एक बॉक्स उचलते आणि आबांना विचारते, यातला खवा कुणाचा? पहिल्यांदा उत्तर शोधायला अख्खी दुपार गेली. आता चहा गार व्हायच्या आत सापडतं. उद्या एखाद्या गवळ्याचा माल खराब निघाला, तर सगळं दुकान रिकामं करावं लागणार नाही. तेवढेच बॉक्स परत बोलवायचे.

सुटे पेढे विकणाऱ्यांनी ट्रेपुढे 'या तारखेपर्यंत खावे' अशी पाटी लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक केलं होतं. पाटी लावली, तर ती रोज बदलायची. मागच्या आठवड्यातली पाटी ही पाटी नसण्यापेक्षा वाईट.

कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस, हे बहुतेक जण करतात, कारण दाखला फाइलला लावता येतो. अवघड काम वेगळंच आहे. पोराचं पोट बिघडलंय, पण सुट्टी घेतली तर दिवसाचा रोज बुडतो, म्हणून तो गप्प राहतो आणि पेढे वळत बसतो. आम्ही ठरवलं, पोट बिघडलं किंवा हाताला जखम झाली तर सांगायचं, त्या दिवसाचा रोज मिळेल. पहिल्या महिन्यात दोघांनी खोटं सांगितलं असेल. असू दे. एक घाणा फेकून देण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

अन्न सुरक्षा अधिकारी आले की घाबरून शटर ओढणारे लोक मी पाहिलेत. त्याची गरज नाही. नमुना घेतला तर तो चार भागांत सील होतो, विश्लेषकाचा अहवाल चौदा दिवसांत यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर अपील करता येतं. दोष आढळला तर सुधारणेची नोटीस येते, तिच्यात किमान चौदा दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत काम करून फोटो आणि बिलं जोडून लेखी उत्तर द्यायचं. ओळखीच्या माणसाला फोन लावण्यात ते दिवस घालवू नका.

पुण्याचं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत आलं. मुलगीही तीच. या वेळी तिने माझ्याशी फारसं बोलणंच केलं नाही, सरळ आबांपुढे जाऊन उभी राहिली. "लाइट गेली तर काय करता?" आबांनी खिळ्याकडे हात केला. कॅलेंडर अजून तिथेच असतं, पण त्याच खिळ्याला आता रकाने आखलेली वही टांगलीय, सुतळीला पेन बांधलेलं. तिने शेवटचं पान उघडलं. आबांचं अक्षर, एक वेलांटी चुकलेली:

'दुपारी २. लाइट ४ तास नाही. फ्रिज ११ अंश. खवा ६ किलो टाकला. वहिनींना सांगितलं, त्या चिडल्या.'

तिने ते दोनदा वाचलं आणि मग पेढा मागितला.

नमस्कार.