खातं भाड्यानं

संध्याकाळी कोल्हापुरात राजारामपुरीत क्लास सुटले की चहाच्या गाड्यांभोवती पोरांची गर्दी होते. तिथंच एखादा ओळखीचा हळूच विचारतो, "भावा, बँकेत एक खातं काढून दे की. महिन्याला पाच हजार, बसल्या जागी."

द्यायचं काय? पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम. सिम गेलं की ओटीपी गेला. पासवर्ड बदलला की पोरगा नावापुरता खातेदार उरतो.

मग कुठल्या तरी गावात एका निवृत्त शिक्षकांना व्हिडिओ कॉल येतो. वर्दीतला माणूस दरडावतो, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही, पण घाबरलेला माणूस मुदत ठेव मोडतो. ती रक्कम आधी येते या पोराच्या खात्यात. काही मिनिटांत ती पाच-दहा खात्यांत पांगते. कुठं एटीएममधून निघते, कुठं क्रिप्टो, म्हणजे आभासी चलन, होऊन देशाबाहेर जाते. फोन करणारा कंबोडियात नाहीतर म्यानमारमध्ये बसलेला असू शकतो. तपासाचा माग मात्र खात्यावरून निघतो, आणि खात्यावर नाव, आधार, पत्ता सगळं पोराचं असतं.

चोरीचा पैसा आपल्या गावातून निघणं नवं नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात 94 कोटी रुपये गेले. बनावट कार्डं 28 देशांत चालवली गेली. भारतात ज्या शहरांतल्या एटीएममधून रोकड निघाली, त्यांत आपलं कोल्हापूरही होतं. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं 11 जणांना शिक्षा सुनावली.

फोन-संगणकावरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक केली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66डी खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोकरी, पासपोर्ट, सगळीकडं तो गुन्हा आडवा येतो.

पोरांना हावरट म्हणून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. पदवी घेऊनही तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्याला पाच हजार मोठेच वाटणार. पण ते पैसे त्या शिक्षकांच्या आयुष्यभराच्या कमाईतले असतात, हे त्याला चहाच्या गाड्यावर कुणी सांगत नाही.

ज्यानं खातं दिलंय, त्यानं आजच बँकेत लेखी अर्ज देऊन ते थांबवावं, सिम बंद करावं आणि घरच्या मोठ्या माणसाला घेऊन सायबर पोलिसांकडं जावं. ज्याचे पैसे गेलेत त्यानं लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढं सरकायच्या आत खातं गोठवता येतं.